ओढ्यातल्या गोगलगायी आणि शिंपले ओळखायचे कसे? सुरुवात घरच्या चाळणीपासून

गेल्या वर्षी आमच्या गावात लोक जैवविविधता नोंदवहीचं काम परत सुरू झालं तेव्हा मी जुनी वही मागून घेतली आणि पानं चाळली. झाडं चार पानं, पक्षी दोन पानं, मासे तर मळ्या, खवल्या, वाम, मरळ असे एकेक नावानिशी लिहिलेले. आणि सगळ्यात खाली एक ओळ, "शंख, शिंपले आढळतात." संपलं. ज्या ओढ्याकाठी बसून ती वही लिहिली त्या ओढ्यात आणि त्याच्या खालच्या तळ्यात मिळून मी आत्तापर्यंत अकरा प्रकार वेगळे काढलेत, आणि मी प्राणीशास्त्र शिकलेली नाही, शाळेत मराठी शिकवते. म्हणजे हे कुणालाही जमण्यासारखं आहे, फक्त बघायचं कसं ते एकदा कळलं पाहिजे. वाई-सातारा भागात कृष्णेच्या काठाने आणि वरच्या घाटात फिरून मला जे कळलं ते इथे लिहितेय, पण यातलं बरंचसं देशात कुठेही चालेल.

आधी पसारा केवढा आहे ते बघा. भारतात समुद्र सोडून जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायींच्या ११०० च्या वर जाती आहेत आणि गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांच्या २०० च्या वर. नुसत्या पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांचा (म्हणजे याच शंख-शिंपल्यांचा) २०११ मध्ये आढावा घेतला गेला तर ७७ जाती निघाल्या आणि त्यातल्या २८ जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. जमिनीवरच्या गोगलगायींचं तर अजूनच, घाटात अडीचशेच्या वर जाती आणि त्यातल्या चारात तीन फक्त इथल्याच. वाघ-बिबट्याच्या मागे आपण जीपा घेऊन जातो आणि जगात फक्त आपल्या डोंगरात असलेला जीव पायाखालच्या दगडावर बसलेला असतो, ते आपल्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

सामान काय लागतं? फार काही नाही. स्वयंपाकघरातली जुनी पिठाची चाळणी, एक पांढरा ट्रे (मी फ्रीजमधला जुना वापरते, पांढऱ्यावर बारीक जीव पटकन दिसतात), जुना टूथब्रश, १० पट मोठं दाखवणारं भिंग, प्लॅस्टिकची छोटी फुटपट्टी, दोन-चार पारदर्शक डब्या, आणि पेन्सिल. पेन नको, पेन्सिलच, कारण पाण्यात शाई पसरते आणि घरी आल्यावर कुठल्या डबीतलं काय होतं ते कळत नाही. मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स मिळाली तर उत्तम. गमबूट घाला, त्याचं कारण खाली येईलच.

कधी जायचं? पाण्यातल्या जातींसाठी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, गढूळपणा बसलेला असतो आणि पाणी अजून आटलेलं नसतं. जमिनीवरच्या गोगलगायींसाठी जून ते सप्टेंबर, रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळाशी रिकामे शंख-शिंपले ढिगाने मिळतात आणि ज्याला जिवंत जीव हाताळायची भीती वाटते त्याने तिथूनच सुरुवात करावी, माझी तशीच झाली.

जागा बदलली की जीव बदलतो, त्यामुळे एकाच ठिकाणी तासभर बसण्यापेक्षा पाच जागा बघा. काठचा चिखल, वाळूचा पट्टा, वाहत्या पाण्यातले दगड (उचला, खालून बघा, आणि बघून झालं की जसा होता तसाच परत ठेवा, त्याखाली दुसऱ्या कुणाची तरी अंडी असतात), पाण्यात पडून कुजलेली पानं, आणि जलपर्णीची मुळं. जलपर्णी एरवी डोक्याला ताप पण तिची मुळं ट्रेमधल्या पाण्यात जोरात झटकली की इतकं काय काय पडतं. शेताकडचा हौद, जनावरांची पाण्याची टाकी, भातखाचर, देवळाचं कुंड, यातलं काही सोडू नका. वाळू चाळणीत घेऊन पाण्यात हलवायची, बारीक वाळू खाली जाते आणि वर जे राहतं ते ट्रेमध्ये ओतून पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. घाई करू नका, घाबरलेली गोगलगाय आत जाते आणि बाहेर यायला वेळ घेते.

आता ओळखायचं कसं. मी मुलांना तीनच प्रश्न विचारायला शिकवलंय आणि तेवढ्यावर निम्मं काम होतं.

पहिला प्रश्न, झाकण आहे का? गोगलगाय आत गेली की शंखाच्या तोंडाला दार लागल्यासारखं झाकण बसतं का बघा. झाकण असलेल्या बहुतेक जाती कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या, झाकण नसलेल्या फुप्फुसावर जगणाऱ्या, त्यांना हवेसाठी वर यावं लागतं. झाकण असेल तर ते कशाचं आहे तेही बघा, शिंगासारखं तपकिरी लवचिक की चुन्यासारखं टणक पांढरं.

दुसरा प्रश्न, तोंड कुठल्या हाताला? शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड उजव्या बाजूला आलं तर उजवा, डाव्या बाजूला आलं तर डावा. इथे एक गोंधळ हमखास होतो तो आधीच सांगते, पूजेच्या शंखाची भाषा याच्या उलटी आहे. तिथे शंख टोक खाली करून धरतात त्यामुळे ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो तो शास्त्राच्या हिशोबाने डावा ठरतो. आमच्याकडे एका मुलीने घरच्या देव्हाऱ्यातला शंख आठवून सगळ्या नोंदी उलट्या केल्या होत्या, परत सगळ्या तपासायला लागल्या, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर शंख कसा धरायचा त्याचं चित्रच काढून ठेवा.

तिसरा प्रश्न, आकार कसा? गोल गरगरीत, भोवऱ्यासारखा, सुळक्यासारखा लांब, की चकतीसारखा चपटा. बास. रंगावर जाऊ नका, शेवाळ आणि चिखल चढला की सगळे सारखेच दिसतात, टूथब्रशने हळूच घासल्यावर खरा रंग कळतो.

एवढं झालं की नावांकडे या. सगळ्यात जास्त जी दिसते, नदीत, तळ्यात, कालव्यात, सगळीकडे, ती फिलोपालुडिना बेंगालेन्सिस. भोवऱ्यासारखी, हिरवट तपकिरी, अंगावर वेढ्यांच्या बाजूने गडद पट्टे, तीनएक सेंटीमीटर, तोंड उजवं, झाकण शिंगासारखं. बंगालात हिलाच गुगली म्हणतात आणि आवडीने खातात. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. माझ्या ट्रेमध्ये एकदा एक मोठी मादी पंधरा मिनिटं तशीच होती, मी दुसरं काहीतरी लिहीत होते आणि परत बघते तर तिच्या शेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा एक शंख, पूर्ण तयार, वेढे आहेत, छोटंसं झाकण आहे, आणि तो चालतोय. मग दुसरं आलं. मी आणि पाचवीतल्या दोन मुली तिथेच बसून राहिलो, घरी जायची वेळ टळली तरी कुणी उठेना. नर-मादी ओळखायची असेल तर भिंगातून शिंगं बघा (डोक्यावरची, स्पर्शिका), नराचं उजव्या बाजूचं शिंग डाव्यापेक्षा जाड आणि आखूड असतं.

दुसरी पिला. पूर्वी बी.एस्सी.ला प्राणीशास्त्र घेतलेल्यांनी हिचं डिसेक्शन केलेलं असायचं पण जिवंत तळ्यात बघितलेली नसायची. चांगली लिंबाएवढी होते, गोल, शेवटचा वेढा इतका मोठा की बाकीचे वेढे वर चिमटीएवढे उरतात. उत्तरेकडे पिला ग्लोबोसा, दक्षिणेकडे पिला व्हिरेन्स. हिचं झाकण जाड आणि टणक, चुन्याचं. हिला कल्ला पण आहे आणि फुप्फुस पण, पाण्यात असताना कल्ला चालतो आणि पाण्यातली हवा कमी पडली की पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी बाहेर काढते आणि वरची हवा ओढून घेते. भातखाचरात संध्याकाळी शांत बसलात तर ही नळी दिसते. तळं आटलं की चिखलात खोल जाऊन झाकण घट्ट लावून महिनोन्महिने पडून राहते. आमच्या इथल्या एका म्हाताऱ्या भोई काकांना मी विचारलं, काका पाणी गेल्यावर हे शंख जातात कुठं, तर म्हणाले, "जात न्हाईत कुठं, ताई, हितंच खाली निजत्यात, पहिल्या पावसाला बघा." आणि खरंच, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच भेगाळलेल्या जमिनीतून एकेक वर येताना बघितली. पावसाळ्यात काठच्या ओल्या मातीत पांढरे गोल दाणे एकत्र चिकटलेले दिसले तर ती पिलाची अंडी, हलवू नका.

आणि हे महत्त्वाचं, पाण्याच्या वर आलेल्या देठावर किंवा सिमेंटच्या भिंतीवर गुलाबी अंड्यांचा घोस दिसला तर तो पिलाचा नाही. तो पोमॅसिया नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या गोगलगायीचा असतो, दिसायला पिलासारखीच असते पण झाकण शिंगासारखं. तिच्यातली गोल्डन अॅपल स्नेल ही जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या जातींच्या यादीत आहे, पूर्व आशियात भाताची वाट लावलीय तिने. फोटो काढा, जागा नोंदवा, लगेच कळवा. फिश टँकमध्ये पाळलेल्या गोगलगायी कंटाळा आला म्हणून ओढ्यात सोडू नका, हात जोडून सांगते.

सुळक्यासारखी लांब दिसली की बहुतेक मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलेटा. चिखलात अर्धी रुतलेली असते, अंगावर तांबडे ठिपके. हिच्यात जवळपास सगळ्या माद्याच, नराशिवायच पिल्लं होतात, त्यामुळे एक जरी नव्या तळ्यात पोचली तरी काही वर्षांत हजारो. तिच्याच घराण्यातली टेरेबिया, तिच्या अंगावर बारीक दाण्यांच्या ओळी असतात, नखाने खरखरीत लागतात. आणि एक सेंटीमीटरच्या आतली, बुटकी, झाकण मात्र चुन्यासारखं टणक अशी मिळाली तर ती फिलोपालुडिनाचं पिल्लू नाही, ती बिथिनियाच्या घराण्यातली वेगळी पूर्ण वाढलेली जात आहे. मी दोन वर्षं हिला पिल्लू म्हणून सोडून देत होते, झाकण बघायला लागल्यावर चूक कळली.

झाकण नसलेल्यांत लिम्नियाचं घराणं मोठं, पातळ शंख, रुंद तोंड, टोकदार शेंडा, तोंड उजवं. आणि चपट्या चकतीसारखी, हौदात हमखास असणारी, तपकिरी, दोनएक सेंटीमीटर, ती इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. हिचं रक्त लाल असतं, आपल्यासारखंच हिमोग्लोबिनचं, म्हणून सडक्या, हवा कमी असलेल्या पाण्यातही तग धरते. हिचंच लहान रूप वाटावं अशी पाच-सहा मिलिमीटरची चपटी जायरॉलस असते, ती जलपर्णीच्या मुळांत बघा. तोंड डावं, झाकण नाही, शंख पातळ आणि चमकदार, असं तिन्ही जुळलं तर फायसेला अॅक्युटा, ही बाहेरून आलेली, आणि गटाराचं पाणी मिसळणाऱ्या ओढ्यात जोरात वाढते. शेजारच्या एका गावात ओढ्याचे दोन्ही काठ सिमेंटने बांधून काढले, वाळू उचलली, कुणी कुणाला विचारलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी मी तिथे सात जाती लिहिल्या होत्या. नंतरच्या वर्षी फायसेला आणि थोड्या लिम्निया, बाकी काहीच नाही. माझ्याकडे आधीची वही होती म्हणून हे दाखवता तरी आलं, ग्रामसभेत वाचून दाखवलं. वही नसती तर "इथे कधी काही नव्हतंच" असंच झालं असतं.

आता गमबुटाचं. इंडोप्लॅनॉर्बिस आणि लिम्निया यांच्या अंगात काही परजीवी जंतांची पिल्लं वाढतात आणि पाण्यात सुटतात. लिम्नियातून गाई-म्हशींच्या यकृतात होणारे चपटे जंत जातात. इंडोप्लॅनॉर्बिसमधून जनावरांच्या नाकात होणारा जंत जातो, त्यात जनावर घोरल्यासारखा आवाज करतं. माणसाच्या कातडीत ही पिल्लं घुसायला बघतात आणि नुसती खाज, पुरळ उठून थांबतात, पण ती खाज भयंकर असते. आपल्या महाराष्ट्रातलीच गोष्ट सांगते, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात लोकांना लघवीतून रक्त जायचं आणि १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हा शिस्टोसोमा नावाच्या जंताचा आजार आहे, जो आफ्रिकेत असतो म्हणून सगळ्यांना माहीत होता. आणि तो पसरवणारी निघाली फेरिसिया टेन्युइस, पानाला चिकटलेली, टोपीसारखी, काही मिलिमीटरची गोगलगाय, जी आपण बघूनही दिसत नाही. पुढे उपचारांनी तो आजार आटोक्यात आला. म्हणून साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका, रबरी हातमोजे घाला, घरी आल्यावर साबणाने हात धुवा. आणि याचा अर्थ गोगलगायी मारत सुटा असा मुळीच नाही, बदकं, मासे, पाणपक्षी गोगलगायींवर जगतात आणि शेवाळ, कुजकी पानं त्याच साफ करतात.

शिंपल्यांकडे येऊ. लहानपणी आम्ही नदीतला मोठा शिंपला दगडावर घासून त्याला भोक पाडायचो आणि त्याने कैरी सोलायचो, तो म्हणजे लॅमेलिडेन्स. लांबट, बाहेरून काळपट तपकिरी, आतून मोत्यासारखा चकचकीत, आठ-दहा सेंटीमीटरपर्यंत. आपल्याकडे गोड्या पाण्यातले मोती करतात ते मुख्यतः यातच. पॅरेसिया त्याच्यापेक्षा लहान आणि गोलसर, बिजागरीजवळच्या फुगीर भागावर नागमोडी सुरकुत्या असतात. कॉर्बिक्युला त्रिकोणी, दोन-तीन सेंटीमीटर, अंगावर एकाआड एक कंगोरे, कोकणातल्या लोकांना बघताक्षणी तिसऱ्या आठवतील.

जिवंत शिंपला शोधायची एक युक्ती आहे. उथळ पाण्यात, सकाळी, ऊन तिरकं असताना वाळूकडे बघा. काडीने ओढल्यासारखी एक चर दिसते, वाकडीतिकडी, हात-दीड हात लांब. ती चर जिथे संपते तिथे वाळूत दोन छोट्या फटी असतात, एकमेकींना लागून, एकीच्या कडेला बारीक झालर. एका फटीतून पाणी आत जातं आणि दुसरीतून गाळून बाहेर येतं. सावली पडली की दोन्ही फटी बंद होतात आणि मग नुसती वाळू. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हाताची सावली बाजूला घेऊन श्वास रोखून थांबले, दोन मिनिटांनी परत उघडल्या. उपटून काढू नका, फोटो काढा आणि पुढे जा. या मोठ्या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटून वाढतात आणि मग वाळूत पडतात, म्हणजे मासे गेले किंवा बंधाऱ्याने अडले की म्हातारे शिंपले दिसत राहतात पण नवे येत नाहीत. म्हणून नोंद करताना फक्त "आहेत" लिहू नका, लहान-मोठे किती ते लिहा. सगळे मोठेच मिळाले तर काळजीचं कारण आहे.

देशात इतरत्र असलेल्या काही जाती तर मुद्दाम बघायला जाण्यासारख्या आहेत. कर्नाटकात तुंगा आणि भद्रा नद्यांत स्युडोमुलेरिया डालाय हा शिंपला असतो, कालवासारखा खडकाला कायमचा चिकटून राहणारा, गोड्या पाण्यात असं करणारा भारतातला हा एकटाच आणि तो आता धोक्यात आहे. गंगेच्या पाण्यात नोव्हाक्युलिना गँजेटिका मिळतो, त्याचं बहुतेक गणगोत समुद्रात आणि हा नदीत.

तसाच समुद्राकडचा नातेवाईक आपल्या सह्याद्रीत आहे आणि यासाठी तुम्ही एका पावसाळ्यात तरी घाटात जाच. त्याचं नाव क्रेम्नोकॉन्कस, अर्थ कड्यावरचा शंख, ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये दिलेलं. समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेले छोटे लिटोरिना शंख तुम्ही कोकणात बघितले असतील, त्याच घराण्यातला हा, आणि त्या अख्ख्या घराण्यात गोड्या पाण्यात राहणारा हा एकटाच. राहतो कुठे तर समुद्रसपाटीपासून ३०० ते १४०० मीटर उंचीवर, धबधब्याच्या कडेच्या ओल्या कातळावर. २०१३ मध्ये रीड, अरविंद आणि मध्यस्थ या तीन अभ्यासकांनी कर्नाटकातल्या घाटातून सहा नव्या जाती सांगितल्या, महाराष्ट्रातल्या तीन धरून एकूण नऊ झाल्या. नऊच्या नऊ फक्त पश्चिम घाटात.

बघायचा कसा? धबधब्याच्या मधोमध नाही, कडेला, जिथे पाणी वाहत नसून नुसतं पाझरतंय, शेवाळाचा पातळ थर आहे, तिथे. डोळे कातळापासून वीतभर अंतरावर. आधी काही दिसत नाही, नुसते काळे खडे वाटतात, हरभऱ्याच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, आणि मग त्यातला एक खडा सरकतो. एक दिसला की दहा दिसतात. मला महाबळेश्वरच्या बाजूला एका वळणावर रस्त्याकडेच्या कातळावरच सापडले, वरून गाड्या जात होत्या, लोक कणीस खात होते, आणि हाताच्या अंतरावर हे. पाऊस नसताना असे कातळ घाटात गाडी थांबवून नुसते हेरून ठेवा, पाझर कुठे आहे ते डागांवरून कळतं, मग पावसात जा. घसरायची जागा असते, एकट्याने जाऊ नका, धबधब्यावर चढू नका, आणि एकही शंख कातळावरून खरवडून काढू नका. घाटातला रस्ता रुंद करताना असा एक कातळ फोडला की तिथली पूर्ण वस्ती गेली.

जमिनीवरच्यांबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय होईल. आपल्या नेहमीच्या गोगलगायी उजव्या असतात पण मुंबई-कोकणाच्या बाजूला एरिओफँटा लीव्हिपेस ही डावी मिळते, तोंड बघायची सवय असेल तर लगेच लक्षात येते. दक्षिणेकडच्या घाटात इंड्रेला अँपुला, अंग लालभडक. आणि आंबोलीतून २०२१ मध्ये वरदिया आंबोलिएन्सिस ही अर्ध्या शंखाची, म्हणजे अंग आत मावणार नाही एवढाच शंख असलेली गोगलगाय नव्याने नोंदवली गेली, तिच्या पहिल्या नावात सरीसृपतज्ज्ञ वरद गिरी यांचं नाव आहे. आंबोलीत पावसाळ्यात हजारो लोक जातात. तरी २०२१ उजाडावं लागलं.

शेतकऱ्यांना गोगलगाय म्हटलं की २०२२ चा खरीप आठवतो, लातूर, बीड, धाराशिवकडे कोवळं सोयाबीन रातोरात फस्त झालं, दुबार-तिबार पेरणी. ती शंखी गोगलगाय म्हणजे लिसाचॅटिना फ्युलिका, मूळची पूर्व आफ्रिकेतली, १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या गृहस्थाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथून पसरली. लांब, टोकदार, अंगावर तपकिरी उभे फराटे, अर्धी वीत सहज भरते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधाला टाकायची, सकाळी खाली जमलेल्या उचलून मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात. उघड्या हाताने धरू नका, उंदराच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्लं तिच्यात असू शकतात आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. पण मारण्याआधी आकार बघा, चपट्या, पातळ शंखाच्या गोल गोगलगायी आपल्या इथल्या असतात, त्यांना त्याच बादलीत टाकू नका.

फोटो काढताना एका शंखाचे निदान पाच हवेत. तोंडाची बाजू, पाठीची बाजू, टोकावरून, बुडाकडून (तिथे बेंबीसारखा खड्डा आहे की नाही हे तज्ज्ञ सगळ्यात आधी विचारतात), आणि झाकण. शेजारी फुटपट्टी ठेवा. जिवंत असेल तर बाहेर आलेली असताना एक. शिंपल्याचे आतून, बाहेरून आणि बिजागरीचे दात दिसतील असा जवळून. मग आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अॅपवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळावर टाका. अॅप जे नाव सुचवतं ते लगेच दाबू नका, भारतातल्या गोगलगायींच्या बाबतीत ते पुष्कळदा परदेशी नाव सुचवतं, खात्री नसेल तर घराण्याच्या नावावर थांबा, कुणीतरी पुढे नेतं. नावं बदलत असतात तेही लक्षात ठेवा, फिलोपालुडिना जुन्या पुस्तकांत बेलामिया किंवा व्हिव्हिपॅरस म्हणून आहे, लिसाचॅटिना अचॅटिना म्हणून. १९८९ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने एन. व्ही. सुब्बा राव यांचं गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवरचं हँडबुक काढलं, त्यातली चित्रं अजूनही उपयोगी पडतात पण नावं आजच्याशी ताडून घ्या. अभयारण्यात, राखीव जंगलात रिकामा शंख उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते. आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना बूट, चाळणी, ट्रे धुऊन वाळवून न्या, नाहीतर मेलॅनॉइडिस आणि फायसेला आपणच पोचवतो.

राहिली वही. जागा आणि तारीख नसलेला शंख म्हणजे नुसता शोभेचा शंख, कितीही सुंदर असला तरी त्यातून काही कळत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, नोंदवही त्यांच्याकडे असते, सचिवांना भेटून "आम्हाला एवढ्या ओळी भरायच्यात" म्हटलं की सहसा कुणी अडवत नाही. आम्ही त्या एका ओळीच्या जागी आता अकरा ओळी लिहिल्यात, आणि प्रत्येक ओळ अशी : "फिलोपालुडिना बेंगालेन्सिस. भोवऱ्यासारखी, तोंड उजवं, झाकण शिंगासारखं. ओढ्याचा पूल ते धोब्याचा दगड, काठचा चिखल, गुडघाभर पाणी. १४ डिसेंबर, सकाळी ९. एक मीटर चौकोनात २३, त्यात लहान ९. पाणी स्वच्छ, वास नाही. पाहणाऱ्या : पाचवीच्या दोन मुली."